न दिसणाऱ्या सात नगांचा चार्ज

सरकारी नोकर वयाने निवृत्त होतो अशी लोकांची समजूत आहे. वयाने फक्त केस पिकतात. निवृत्त व्हायला चार्ज द्यावा लागतो. कपाटं, खुर्च्या, पंखे, पाण्याचा माठ, जे जे तुमच्या नावावर आहे ते ते पुढच्या माणसाला मोजून दाखवायचं, त्याने 'मिळाले' म्हणून सही करायची, मग माझ्यासारखा आस्थापना शाखेचा बाबू कार्यमुक्तीचा आदेश काढणार, आणि त्यानंतर कुठे पेन्शनचे कागद गडचिरोलीला जाणार. मध्ये एक सही अडली की माणूस घरी आणि पेन्शन कपाटात.

आमच्या पंचायत समितीच्या भांडारपाल केसरबाई मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होत होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती लेक करिष्मा भद्रावतीला फॅक्टरीच्या कॉलनीत नांदते. केसरबाई आता तिच्याकडे राहायला जाणार होत्या, पण जावयाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नाही हा त्यांचा हट्ट, म्हणून पेन्शन वेळेवर सुरू व्हायला हवी होती. चार वाजता निरोप समारंभ ठरला होता. शाल-श्रीफळ आलं होतं, समोसे सांगून झाले होते. सकाळपासून चार्जही सुरळीत चालला होता. खुर्च्या मिळाल्या, पंखे मिळाले, एका टेबलाचा पाय गायब होता, ते 'तीन पायी' असं लिहून मिळालं. मग नोंदवहीचं पान उलटलं.

त्या पानावर लिहिलं होतं, 'व्हर्च्युअल सर्व्हर, नग सात.'

हे नग कसे आले ते सांगतो. घरकुल योजना आली तेव्हा आपलं मशीन घेऊन आली. रोजगार हमीने आपलं वेगळं आणलं. जन्म-मृत्यूचं वेगळं, पगाराचं वेगळं. अशी सात मशीनं एका खोलीत घरघरत बसली. त्यांना उकडू नये म्हणून खोलीत एसी होता, आणि माणसांना उकडलं तरी चालतं असं शासनाचं मत असल्यामुळे एसी फक्त त्याच खोलीत होता. उन्हाळ्यात निम्मी पंचायत समिती तिथे डबा खायची. पुढे मशीनं म्हातारी झाली, एकेक बिमार पडू लागली, तेव्हा साक्षी आली. मूल गावची पोरगी, आमची कंत्राटी संगणक तंत्रज्ञ. तिने एकच नवं मशीन मागवलं आणि जुन्या सातांचं सगळं कामकाज त्या एकात बसवलं, पण असं की सातही आपापल्या जागी वेगळे चालताहेत असं सगळ्यांना वाटावं. आम्ही बौद्ध माणसं, आत्मा वगैरे मानत नाही. पण साक्षीने त्या दिवशी जे केलं त्याला मला दुसरा शब्द सापडत नाही. सात कुड्यांतले जीव काढून तिने एका पेटीत भरले, आणि कुड्या भंगारात गेल्या.

त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं, म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कोणीही घ्यावं, उघडून पाहावं, फुकट वापरावं. फुकट म्हटल्यावर तेव्हाचे बीडीओ साहेब घाबरले. वस्तू कोणतीही असो, तीन दरपत्रकं पाहिजेत म्हणाले. साक्षीने तीन आणली. तिन्हीवर शून्य होतं. साहेबांनी ती बराच वेळ उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "यात सगळ्यात कमी कोणाचं आहे?"

त्याच साहेबांनी जाता जाता हे सात जीव डेडस्टॉकला, म्हणजे कार्यालयाच्या टिकाऊ सामानाच्या वहीत, नग म्हणून चढवायला लावले. डेडस्टॉकच्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर टाकायचा असतो. वस्तू सात, पेटी एक. केसरबाईंनी पेंटरला बोलावून सातही नंबर त्या एकाच पेटीवर काढून घेतले. पेटीवर बोट ठेवायला जागा उरली नाही.

आता चार्ज घ्यायला आलेला माणूस होता इसरू मडावी. माणूस चांगला, पण दुधाने तोंड पोळलेला. याआधी सिरोंच्याकडे नदीकाठच्या एका कार्यालयात त्याने न पाहता सही करून एका डोंग्याचा, म्हणजे लाकडी होडीचा, चार्ज घेतला होता. डोंगा कितीतरी पूर आधीच तेलंगणात वाहून गेलेला. मग दरवर्षी ऑडिटवाले यायचे आणि म्हणायचे, मडावी, डोंगा दाखवा. तेव्हापासून इसरू ताक तर सोडाच, पाणीही फुंकून पितो.

त्याने पेटीला एक फेरी मारली. "हे एक आहे," तो म्हणाला. "बाकीचे सहा कुठी आहेत?"

"आतमंदी आहेत, भाऊ," केसरबाई म्हणाल्या.

"खोला मंग."

साक्षी पुढे झाली. "खोलून नाई दिसत, इसरूभाऊ. एका घरात सात बिऱ्हाडं राह्यतेत ना, तसं आहे."

"तं घराचा चार्ज घेतो. बिऱ्हाडाचा मी काऊन घेऊ?"

केसरबाईंनी पदराने घाम पुसला. "मोहर्लीच्या जंगलात लोक सफारीले जातेत. साऱ्याइले वाघ दिसते का? तरी सही करून आत जातेतच ना?"

"ते वाघाचा चार्ज घेत नाई, बाई."

साक्षीने पडद्यावर एकेका सर्व्हरला हाक मारून दाखवली. म्हणजे इकडून काही तरी टाइप केलं की तिकडून लगेच उत्तराची ओळ उमटायची. "पाहा, ओ देऊन राह्यला," ती म्हणाली. इसरू वाकून पाहत होता. "ओ तं विहीरबी देते," तो म्हणाला. "विहिरीत माणूस आहे म्हणून लिहू का मी?"

बारा वाजत आले होते. बाहेर ऊन असं की कुत्री टाकीखाली गेलेली, आणि मला कार्यमुक्तीचा आदेश टाइप करायचा होता. मी आवाज चढवला. शांत राहणं हा माझा गुण नाही, आणि तो असावा असं मला कधी वाटलंही नाही. "मंग तुले पटन कशानं, बाप्पा?"

इसरूने खरंच विचार केला. "लाईट दिसते का, नागसेनभाऊ? नाई दिसत. पण गेली का सारं गाव सांगते, लाईट गेली. एकेक बंद करा. बोंब उठली का सही करतो."

साक्षी पेटीपुढे येऊन उभी राहिली. चालतं काम बंद करायचं म्हणजे तिच्या लेखी पाप होतं. आम्ही बीडीओ साहेबांना विचारायला गेलो. साहेब समोशांच्या फोनवर होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, "चारच्या आत आटपा काय ते," आणि पुन्हा चटणीकडे वळले.

साक्षीने पहिला बंद केला. आम्ही चौघं कान लावून बसलो. क्षणभरात खिडकीवरून खुशबूचा आवाज आला. ती दाखल्यांचं टेबल सांभाळते. "नागसेनभाऊ, जन्म बंद पडला."

"अन् मृत्यू?" मी विचारलं.

"तोबी बंद आहे."

"मंग राहू दे थोडा वेळ. तेवढेच लोक वाचतीन."

इसरूने पहिल्या नगापुढे सही केली, साक्षीने तो पुन्हा चालू केला, आणि पुढे प्रत्येक सहीनंतर हेच. घरकुलाला फार वाट पाहावी लागली नाही. निकेश, आमचा घरकुलाचा इंजिनिअर, स्वतः धावत आला आणि त्याच्यामागे एक अख्खी ग्रामसभा. सही झाली. रोजगार हमीच्या वेळी वरच्या मजल्यावर कोणीतरी टेबलावर हात आपटला. आवक-जावक बंद झाल्यावर तिथली उर्वशी एवढंच म्हणाली, "झालं, आता काई येत नाई अन् काई जात नाई," आणि तिने डबा उघडला. पगाराचा सर्व्हर बंद झाला तेव्हा मात्र जी बोंब उठली ती लेखा शाखेतून निघून सभागृहापर्यंत गेली. महिनाअखेर होती. मीही ओरडलो, मला माहीत असूनही. त्या एका बोंबेवर इसरूने दोन सह्या केल्या असत्या, पण तो नियमाचा माणूस.

सहावा होता हजेरीचा, बोटाचा ठसा घेणारा. साक्षीने बंद केला. आम्ही थांबलो. काही नाही.

"बोंब नाई," इसरू म्हणाला.

"उठन कशाले?" केसरबाई म्हणाल्या. "खुश होऊन राह्यले असतीन."

इसरू व्हरांड्यात जाऊन पाहून आला. अर्धी रोजगार हमी शाखा चहाच्या टपरीकडे निघाली होती, भर कामाच्या वेळी, अंगात एवढा उत्साह की उन्हाचीही पर्वा नाही. इसरूने तो पुरावा मान्य केला. आनंदही एक प्रकारची बोंबच आहे असं तो म्हणाला, आणि मला त्याच्याबद्दल थोडा आदर वाटू लागला.

मग सातवा. साक्षीने बंद केला. आम्ही थांबलो. मी शाखाशाखांतून फिरून आलो. सगळे मजेत काम करत होते, किंवा करत नव्हते, नेहमीप्रमाणे. कोणाचंच काही अडलं नव्हतं.

"याचं काम काय आहे?" इसरूने विचारलं.

साक्षी अवघडली. "मले नाई माहीत. मी यायच्या आधीपासून चालू होता. जसा होता तसा उचलून आत ठेवला."

निकेशला विचारलं, उर्वशीला विचारलं, कोणालाच माहीत नव्हतं. इसरूने पेनाला टोपण लावलं. "सहा आहेत. सातवा डोंगा आहे," तो म्हणाला.

बीडीओ साहेबांनी मार्ग सांगितला की सातवा नग निर्लेखित करू, म्हणजे वहीतून कायमचा खोडू. त्याला समिती लागते, समितीला जिल्ह्याची मंजुरी लागते, आणि मंजुरीला काय लागतं हे आजवर कोणालाच कळलेलं नाही. तोवर चार्ज अपूर्ण. चार्ज अपूर्ण म्हणजे पेन्शन अडली. केसरबाई त्या तीन पायांच्या टेबलाला टेकून बसल्या, तेही एका बाजूला कललं.

"पेन्शनचं जाऊ द्या," त्या हळूच म्हणाल्या. पेन्शनचं जाऊ द्या असं त्या म्हणतील हे मला खरं वाटेना. "नागसेनभाऊ, तो इतकी वर्ष चालला अन् बंद केला तं कोणाले पत्ता नाई. उद्यापासून मीबी बंद. कोण बोंबलन?"

"मी बोंबलीन," मी म्हणालो.

"तुमी तं चहासाठी बोंबलसान."

मला वाईट वाटलं. खरं होतं म्हणून जास्तच वाटलं. इतकी वर्षं या बाईने कागदापासून टाचणीपर्यंत सगळं मला हातात आणून दिलं, आणि मी बोंबललो तो चहासाठीच.

तेवढ्यात कोपऱ्यातला लँडलाइन वाजला. तो आम्ही सहसा उचलत नाही. वाजू दिला की थकून गप्प बसतो. पण मला त्या खोलीत कुठे तरी पाहायला हवं होतं, म्हणून उचलला.

"पंचायत समिती. मी नागसेन बोलून राह्यलो."

"तुमी नाई," पलीकडून एक म्हातारी म्हणाली. "ते बाई कुठी गेली?"

"कोणती बाई?"

"बोरिंगची बाई. आमच्या बोरिंगवर नंबर लिवला आहे. त्यावर मी रोज सकाऊन फोन करतो, बाई बोलते. आज लेकीच्या घरी होतो म्हणून दुपारून केला, तं नुसतं टूं टूं करून राह्यलं. मंग हा नंबर सरपंचानं देला. बाई बिमार गिमार आहे का?"

मी फोनचा स्पीकर चालू केला. इसरूने मान वर केली. "बाई काय बोलते?" मी विचारलं.

म्हातारी घसा खाकरून, एकेक शब्द जपून बोलली, देवाचं म्हणावं तशी. "आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे. लवकरच कार्यवाही करण्यात येईल. धन्यवाद."

केसरबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं टेबल पडलं. "हे तं मी बोललो होतो," त्या म्हणाल्या. आणि मग मलाही आठवलं. हातपंपांच्या तक्रारींची ती योजना आली होती तेव्हा आवाज भरायला बाईमाणूस पाहिजे होतं. केसरबाईंना पुढे केलं. शुद्ध बोलायचं म्हणून त्यांनी अर्धा दिवस 'नोंदवण्यात, नोंदवण्यात' असा जप केला होता आणि आम्ही हसून हसून मेलो होतो. नंतर योजनेची शाखा दुसऱ्या खात्यात गेली, तिचे लोक गेले. मशीन तेवढं राहिलं, आणि आत केसरबाई.

"आजी, नाव काय तुमचं? अन् बोरिंग कधीची बंद आहे?" मी विचारलं.

"रुखमाबाई, पिपरटोल्याची. बोरिंग तं होळीच्या आधीपासून बंद आहे. पण बाई लय भली. एक दिवस कंटाळली नाई."

इसरूने टोपण काढलं. "बोंब आली," तो म्हणाला, आणि सातव्या नगापुढे सही केली. खाली तारीख टाकली, ठसठशीत 'मिळाले' लिहिलं. झालं. चार्ज संपला, पेन्शन सुटली. मी केसरबाईंकडे हसून पाहिलं.

केसरबाई हसत नव्हत्या. साक्षीने सातवा पुन्हा सुरू करून आतलं उघडून दाखवलं होतं. गावोगावच्या तक्रारी, एकाखाली एक, पडदा सरकवत गेलं तरी संपेनात. सगळ्या नोंदवण्यात आल्या होत्या. पाहिली एकही नव्हती, कारण पाहणारा माणूसच उरला नव्हता.

"रोज माह्या तोंडानं खोटं बोलून राह्यली ते पेटी," केसरबाई म्हणाल्या. मी त्यांना इतकं चिडलेलं पूर्वी पाहिलं नव्हतं, आणि मी त्यांना टाचण्यांवरून पुष्कळदा चिडवलं आहे. "साक्षी, हे सारं आजच साहेबाच्या टेबलावर दे, समोशासंगं. इसरूभाऊ, सही तुमची आहे, सातवा आता तुमच्या नावावर. रोज उघडून पाहाजा. नागसेनभाऊ, तुमी चाला."

"कुठी?"

"पिपरटोल्याले."

हातपंप दुरुस्तीची गाडी आवारातच उभी होती आणि मेकॅनिक अश्वजित तिच्या सावलीत झोपला होता. केसरबाईंनी त्याला उठवलं. मी म्हणालो, समारंभ आहे, तुम्ही सत्कारमूर्ती आहात, उद्या जाऊ. त्या गाडीत पुढे बसल्या होत्या. उद्या त्यांना सरकारी गाडीत बसता येणार नव्हतं, हे मला नंतर कळलं.

मार्कंड्याच्या फाट्यावरून आत, तेंदूपत्त्याचा फड ओलांडून पिपरटोला. बोरिंग गावाच्या कडेला मोहाच्या झाडाखाली होती. अश्वजितने खोलली, पाहिली आणि म्हणाला, "वायसर गेलं." एक रबराचं वायसर. ते त्याच्या पेटीत होतं. वर्षभर होतं. त्याने ते बदलेपर्यंत मला धड एक तंबाखूही मळून झाली नाही. दांडा हलवला, दोन-चार कोरडे हुंदके, आणि पाणी आलं. बाया पाण्याचे गुंड-हंडे घेऊन धावल्या. कोणी आम्हाला धन्यवाद दिले नाहीत, द्यावे असं काही आम्ही केलंही नव्हतं.

रुखमाबाई काठी टेकत आली. पाणी हातात घेतलं, प्यायली, तोंडावर मारलं. मग आमच्याकडे पाहिलं. "ते बाई नाई आली?"

"मीच ते," केसरबाई म्हणाल्या.

म्हातारीला ते काही पटलं नाही. ती बाई कशी बोलते हे तिला ठाऊक होतं, आणि ही तर आपल्यासारखीच बोलत होती. तेव्हा केसरबाई सरळ उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे."

रुखमाबाईने काठी टाकली आणि दोन्ही हातांनी त्यांचं तोंड चाचपलं, गाल, हनुवटी, सगळं. "तूच वं," ती म्हणाली. "तूच." मग बोरिंगकडे पाहिलं. पाणी चाललं होतं, बाया भांडत होत्या, आणि म्हातारीचा चेहरा एकदम उतरला.

"हे तं झालं वं," ती म्हणाली. "आता मी रोज फोन कोणाले करू?"

केसरबाईंनी म्हातारीच्या कमरेचा फोन काढून घेतला. चष्मा गाडीत राहिला होता, म्हणून माझ्याकडे दिला आणि स्वतःचा नंबर त्यात टाकायला सांगितला, एकच बटन दाबलं की लागेल असा. मी टाकला. रुखमाबाईने लगेच बटन दाबून पाहिलं. केसरबाईंची पिशवी वाजली. समोरासमोर उभ्या होत्या, हाताच्या अंतरावर. केसरबाईंनी फोन काढून कानाला लावला.

"हं, बोला रुखमाबाई."

आणि रुखमाबाई फोनवर बोलू लागली. लेकीच्या घरचं, गुडघ्याचं, सुनेचं, मोहाचं, मेलेल्या नवऱ्याचं. केसरबाई फोन कानाला धरून तिच्याकडे पाहत "हं, हं" म्हणत होत्या आणि डोळे पुसत होत्या. माझ्या खिशात बीडीओ साहेबांचा फोन थरथरत होता, समोसे आले असणार. मी तो उचलला नाही. अश्वजितला म्हणालो, बोलून होऊ दे तिचं, आणि आम्ही मोहाखाली बसलो.